बाबलोकाका, पेनड्राइव्ह आणि चौदा स्पीकरांची काळी

मग तुमच्या गाडीत आरती लावली की झांजा डाव्या दारातून आणि देव उजव्या आरशातून का येतो, ते आधी सांगा. विषय बदलू नका. गेल्या पोस्टखाली तुम्हीच लिहिलं होतं ना, गाडीत ऐकायला दोन स्पीकर पुरे, बाकी सगळी लूट? आणि तुमच्याच खाली दुसऱ्या एकानं लिहिलं होतं, गोव्यात राहून समुद्र सोडून शोरूम हिंडणारी बाई पहिल्यांदाच बघितली. बघितलीत ना, मग आता ऐकून घ्या. मधे बोलू नका, आमच्या काकांना मधे बोललेलं खपत नाही. उजव्या बाजूनं बोललात तर मात्र खपतं, कारण ते त्यांना ऐकूच येत नाही.

आमची सहल निघाली ती या उजव्या बाजूमुळेच.

बाबलोकाका म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, राहणार कोरगाव, तालुका पेडणे. खाणी जोरात होत्या तेव्हा शिरगाव-डिचोलीच्या बाजूला त्यांचे खनिजाचे ट्रक होते, आणि त्यातला एक ते स्वतः चालवायचे. काच खाली, उजवा कोपर बाहेर, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा हॉर्न थेट उजव्या कानात. खाणी थांबल्या, ट्रक विकले, आणि तो कान ट्रकांबरोबरच गेला. काका हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते लोक हल्ली हळू बोलतात.

नुसतं बोलण्याचं असतं तर चाललं असतं. पण काका आमच्या वाड्यावरच्या घुमट-आरतीचे मुख्य वादक आहेत. बाहेरच्यांसाठी सांगते: घुमट म्हणजे एका बाजूला कातडं ताणलेलं आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या तोंडाचं मातीचं मडकं. चवथीला, म्हणजे आमच्या गणेशचतुर्थीला, घरोघरी याच्यावर आरत्या होतात. सोबत झांजा असतात, आणि शामेळ, म्हणजे दोन काड्यांनी वाजवायचं छोटं, कडक आवाजाचं चामड्याचं वाद्य. आरतीच्या शेवटी लय चढत जाते, शामेळ थांबायची खूण देतं आणि सगळे एका ठोक्यावर थांबतात. त्या एका ठोक्यासाठीच सगळं असतं.

गेल्या चवथीला सगळे थांबले आणि काकांचं घुमट पुढं जात राहिलं. एकटंच. दोन-तीन ठोके, भर आरतीत, पाहुण्यांसमोर. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसू दाबलं. नंतर मंडळातली तरुण मंडळी म्हणाली, पुढच्या वर्षी काकांनी नुसतं गावं, घुमट दुसऱ्याला द्यावं. हे ते काकांच्या डाव्या बाजूला उभं राहून म्हणाले, त्यामुळे नीट ऐकू गेलं.

काकांनी सगळं खापर भिकाजीवर फोडलं. भिकाजी शामेळ वाजवतो. मूळचा बांद्याकडचा, काकांच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला आणि कोरगावातच राहिला. आरतीत कायम काकांच्या उजव्या हाताला बसतो. "भिकाजीच्या हातांत बळ उरूंक ना," काका वर्षभर येईल त्याला सांगत होते. "शामेळ वाजयता काय माशी मारता, तेंच कळना."

आणि मग या श्रावणात काकांनी जाहीर केलं की ते गाडी घेणार. कंपनीकडूनच सराउंड साउंड बसवलेली. गाडीत बसून काचा वर करायच्या, आरती लावायची आणि चवथीपर्यंत असा सराव करायचा की मंडळाची तोंडं बंद. डॉक्टरकडं जाऊया म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर एक कान तपासतलो. गाडी दोनूय तपासता."

परीक्षेला गाणं कुठलं न्यायचं हे ठरलेलंच होतं. गेल्या चवथीची ती आरती मी माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केली होती, घसरलेल्या घुमटासकट. ती पेनड्राइव्हवर घातली. इथं पहिली टीप घ्या: शोरूममध्ये त्यांची गाणी ऐकू नका. त्यांची गाणी त्यांच्या गाडीत छान वाजावीत म्हणूनच निवडलेली असतात. तुम्हाला तोंडपाठ असलेलं काहीतरी न्या, पेनड्राइव्हवर न्या, ब्लूटूथवर आवाज थोडा दाबला जातो.

पहिला दिवस: कोरगाव ते म्हापसा

गाडी बघायला आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. दोघांत एक रेनकोट. तो काकांनी घातला आणि मी त्यांच्या पुढं बसून त्यांचा वारा अडवला. कोरगाव ते पेडणे रस्ता छोटा, वळणाचा, दोन्ही बाजूला काजूची झाडं आणि खाली भाताची हिरवी खाचरं. हेल्मेटमुळे काकांचा डावा कानही बंद. मी विचारलं, पेट्रोल भरूया का, तर म्हणाले, नारळ येताना घेऊ.

पेडण्यात सकाळचा फराळ. श्रावण असल्यामुळे मासळीचं नाव काढायचं नाही. पातळ भाजी, पाव आणि वर एक मिरची. दोघांचं बिल शोरूमच्या पार्किंगमधल्या कुठल्याही गाडीच्या नुसत्या पायपुसण्याहून कमी झालं असेल. पाव पोदेरकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, नुकतेच आलेले, वरून कडक. बसस्टँडजवळच्या कुठल्याही छोट्या हॉटेलात जा, पण उशिरा जाऊ नका, भाजी संपते आणि मग नुसती मिरची मिळते.

पुढं हायवेनं धारगळ, कोलवाळचा पूल आणि म्हापसा. रस्ता मोठा आहे, पण कुठं वळण घालून दिलंय ते दर महिन्याला बदलतं, तेव्हा नकाशावर विसंबू नका, ट्रकच्या मागं जा.

म्हापशाच्या अलीकडं हायवेवरच पहिलं शोरूम. गाड्यांची नावं मी सांगणार नाही. तुम्ही नावावरून भांडता हे मला माहीत आहे. ही पहिली काळी होती, उंच, दारातून आत शिरायला पायरी असलेली. चौदा स्पीकर. संकेत नावाचा टाय लावलेला सेल्समन आमच्या ओल्या रेनकोटकडं बघत बघतच आला, पण माणूस चांगला. काकांनी गाडीच्या पायरीशी चपला काढल्या. चकचकीत फरशीवर, नीट जोडी लावून.

"अंकल, चप्पल चालेल," संकेत म्हणाला.

"आरती लायतलों मरे," काका म्हणाले आणि अनवाणी ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

आता काळीबद्दल. दारं बंद झाली की आतली शांतताच अशी की स्वतःचा श्वास मोठा वाटतो. डॅशबोर्डच्या मधोमध एक स्पीकर, त्यामुळे गाणारा समोर बोनेटवर बसून गातोय असं वाटतं. डिकीत सबवूफर. झांजा कशा सुट्या सुट्या, किनार असलेल्या. घुमट मात्र फुगलं होतं. मडक्याचा आवाज कोरडा आणि गोल असतो, इथं त्याची पाण्याची टाकी झाली. संकेतनं सेटिंगमधून बास कमी केल्यावर टाकी अर्धी रिकामी झाली. टीप दोन: सेटिंग हात लावून बघा, लाजू नका, आणि इंजिन व एसी चालू ठेवून ऐका. बंद गाडीत सगळंच गोड वाजतं. शिवाय कितवं मॉडेल घेतलं की हे स्पीकर येतात ते विचारा. चौदा फक्त सगळ्यात वरच्यात होते, खालच्यात सहा.

पण हे सगळं मला नंतर आठवून लिहावं लागतंय, कारण तेव्हा मी काकांकडं बघत होते. आरती सुरू होऊन कडवंसुद्धा झालं नव्हतं आणि त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"बाय," ते म्हणाले. "शामेळ."

"हो, वाजतंय की."

"आयकूंक येता." ते पुढं सरकले. "लख्ख. एक एक काडी कळता. आरे, हाणें वाजयल्लें आसा मगो."

म्हणजे भिकाजी गेल्या चवथीला चांगला दणकून वाजवत होता. हे मान्य करायला काकांना तीस सेकंद लागले आणि मोडीत काढायला तीन. "चौदा स्पीकर आसात," ते म्हणाले. "मेल्लो लेगीत उठून बोलतलो."

शेवट आला. लय चढली, सगळे थांबले, आणि काकांचं घुमट पुढं गेलं, चौदा स्पीकरांतून, सबवूफरसकट. संकेत जरा विचारात पडला. मग व्यावसायिक आवाजात म्हणाला, "सर, लास्टला थोडा एको येतोय."

काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तो एको बंद करपाचें बटण आसा?"

संकेतनं मेनू उघडून खरंच शोधलं. मी मागच्या सीटवर तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

काकांची गुण द्यायची पद्धत तीन शब्दांची आहे: "आसा", "बरें" आणि "घरा वचूंया", म्हणजे आहे, बरं आणि चला घरी. काळीला "बरें" मिळालं. गाडीला हा त्यांच्याकडून भारतरत्न समजा.

दुसरं शोरूम पलीकडंच. पांढरी. नऊ स्पीकर, पण सराउंडचं खास बटण. बटण दाबलं की आवाज पसरतो, आणि तुम्ही निवडायचं: ड्रायव्हरसाठी, सगळ्यांसाठी, की मागच्यांसाठी. सगळ्यांसाठी ठेवलं तर पाठीमागून कोरस आला, इतका जवळून की काकांनी वळून मागच्या सीटवर कोण आहे ते बघितलं. मीच होते. जरा निराश झाले. माझं मत: पांढरीचं बटण बंद ठेवून आवाज जास्त खरा आहे. चालू केलं की देवघर मोठं होतं पण देव लांब जातो. घुमट मात्र काळीपेक्षा शंभरपट बरं, अगदी मातीचं.

"आणि शामेळ?" मी विचारलं.

"हांगाय आसा," काका म्हणाले. थोडे चिडल्यासारखे. चौदांना जमलं ते नवांनाही जमावं, हे त्यांना पटलं नव्हतं.

म्हापसा ते शिरगाव

म्हापशाहून अस्नोड्याला आलो की रस्ता बदलतो. गर्दी संपते, माती लाल होत जाते. एकेकाळी इथून ट्रकांची रांग सुटायची ती दिवसभर तुटायची नाही. आता दोन्ही बाजूच्या अंगणांत काही ट्रक तसेच उभे, चाकांवर वेली चढलेल्या, एकाच्या हौद्यात तर कोणीतरी भेंडी लावली होती. काका मागून प्रत्येक ट्रकाचा मालक कोण ते सांगत होते. एवढा वेळ त्यांनी एकदाही "कितें म्हळें?" विचारलं नाही, कारण बोलत तेच होते.

शिरगावला काकांचे जुने दोस्त उल्हासकाका. तेही ट्रकवाले, आता घराला लागून किराणा दुकान. त्यांच्याकडं पाचेक वर्षं जुनी लाल गाडी आहे, तेव्हाच्या वरच्या मॉडेलची. सहा स्पीकर आणि वेगळा अॅम्प्लिफायर, सगळं कंपनीनंच बसवलेलं. संध्याकाळी अंगणात, पाऊस थांबल्यावर, आम्ही तिघं तिच्यात बसलो.

जुन्या गाडीचं गणित वेगळं असतं. एका विशिष्ट आवाजाला लालचं डावं दार थरथरायचं, घुमटाच्या प्रत्येक ठोक्यासरशी, जणू दारही मंडळात आहे. उल्हासकाकांनी दाराच्या खणातून एक चमचा, दोन नाणी आणि चाव्यांचा जुडगा काढला, आणि थरथर गेली. टीप तीन, आणि ही फुकट: गाडीचा आवाज खराब वाटला तर आधी दाराचे खण रिकामे करा.

लालमध्येही शामेळ लख्ख होतं.

शेवटच्या ठोक्यावर उल्हासकाका हसले. "बाबलो, सगळे गेले आनी तुजें घुमट मागीर सगळ्यांक निरोप दिवन आयलें."

काका हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अवंदा घुमट म्हजें कडल्यान काडून घेवंक सोदतात."

"कोण?"

"पोरां. नुस्तें गाय म्हणून सांगलां. चवथी मेरेन जुळना जाल्यार दुसऱ्याक दितले."

उल्हासकाकांनी गाडी बंद केली आणि पेनड्राइव्ह काढून काकांच्या हातात दिला. मग आतून जेवायला हाक आली. खतखतं होतं, म्हणजे सगळ्या भाज्या आणि कंद एका पातेल्यात घालून तिरफळाच्या वासाचं. सोबत पोळी, म्हणजे गहू-कोंड्याचा पोकळ पाव, पोदेरकडचा. श्रावणात या बाजूला आलात आणि कोणी घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. राहिलोही तिथंच.

दुसरा दिवस: डिचोली

डिचोलीला तसं काही काम नव्हतं. पण काकांना सकाळपासून एक प्रश्न चावत होता. चौदा, नऊ, सहा. आवाज तिन्हींचा वेगळा, शामेळ मात्र सगळीकडं सारखंच. "खंय तरी ना आसूंक जाय," ते म्हणाले. कुठंतरी शामेळ ऐकू येऊ नये, म्हणजे महागड्या गाडीला काही अर्थ राहील.

बाजारात चहा आणि बन्स घेतले. बन्स गरम असेपर्यंतच खायचे, नंतर त्यांचा चेंडू होतो. मग टॅक्सीस्टँडवर काकांनी सगळ्यात साधी गाडी निवडली. चार स्पीकर, तेही पुढच्या-मागच्या दारात खाली, पायांशी. ड्रायव्हरला म्हणाले, कुठं जायचं नाही, फक्त पेनड्राइव्ह लाव आणि तुझी सीट दे. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, वेडे नाहीत अशा अर्थानं, पण तो अर्थ पोचला की नाही माहीत नाही.

चार स्पीकरांचा आवाज कसा? गुडघ्यांना आरती ऐकू येते. गाणारे कार्पेटखाली आहेत असं वाटतं. झांजा म्हणजे खिशातली सुटी नाणी. घुमट आहे एवढंच कळतं. पण शामेळ...

"आसा," काका म्हणाले. गाडीतून उतरले, चपला घातल्या आणि टॅक्सीवाल्याला चहाचे पैसे दिले.

परतीच्या रस्त्याला लागलो. मी गाडीच्या विचारात होते, खरं सांगायचं तर काळीत बसून मीच कुठं कुठं जाईन त्या विचारात. पेडण्याजवळ ते मागून म्हणाले, "देवाक विचारूंया."

तिसरा दिवस: कौल

हे तुमच्याकडं नसेल तर सांगते. आमच्याकडं लग्न, जमीन, विहीर, असं मोठं काही ठरत नसेल तर देवळात कौल लावतात. गुरव मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो. डावीकडची पडली तर नको. गाडीसाठी कौल लावणारे काका पहिले नसावेत, पण चौदा स्पीकरांसाठी लावणारे बहुतेक पहिले.

सकाळी गर्दी नव्हती. गुरवानं विचारलं, काय सांगायचं? काकांनी सांगितलं, काळी गाडी घेऊं काय. गुरवानं ते देवाच्या भाषेत चांगलं लांब करून सांगितलं. आम्ही बसलो. गाभाऱ्यात थेंब पडल्याचा आवाज येत होता. मग एक पाकळी सुटली आणि खाली घसरली.

"डावो," काका उठत म्हणाले. खांदे पडलेले. "ना म्हणटा."

"बस रे," गुरव म्हणाला. "डावो खंयचो? उजवो. देवाच्या उजव्यान पडली. देव तुज्या कडेन तोंड करून बसला मरे, तुजी पाठ करून न्हय."

हे पेडण्यातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. देवाचं उजवं ते बघणाऱ्याचं डावं. काका जन्मभर कौल बघत आलेत. पण त्या दिवशी ते तसेच अर्धे उठलेले उभे राहिले, मूर्तीकडं बघत, मग स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत, मग पुन्हा मूर्तीकडं. ओठ हलत होते. गुरवाला वाटलं नवस बोलतायत.

मग ते माझ्याकडं वळले.

"बाय. तो मोबायल तुवें खंय बांदिल्लो?"

"माटोळीला," मी म्हटलं. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली फळं, कंद, काकड्या असं सगळं बांधतात. मोबाईल मी तिथंच, दोन तोरिंजन फळांच्या मधे, लाल दोऱ्यानं आडवा बांधला होता. सगळे वाजवणारे समोर दिसावेत म्हणून.

"तोंड आमच्या कडेन."

"अर्थात, काका. पाठीकडून काय..."

आणि मग मलाही कळलं. माझ्या मोबाईलनं आरती गणपतीच्या जागेवरून ऐकली होती. काकांच्या उजव्या हाताला बसलेला भिकाजी गणपतीच्या डाव्या हाताला होता. म्हणून शामेळ चारही गाड्यांत डाव्या स्पीकरमधून आलं. काकांच्या चांगल्या कानात. चौदा काय आणि चार काय, कुठल्याही गाडीचा त्यात काही पराक्रम नव्हता.

काकांनी देवाला हात जोडले, जरा जास्तच वेळ.

"मग काळी केन्ना हाडटा?" गुरवानं विचारलं, म्हणजे कधी आणतोस. देवानं उजवा दिलाय, आता मागं कसं फिरणार.

काका चपला घालत म्हणाले, "घेऊं काय म्हूण विचारिल्लें. केन्ना तें विचारूंक ना."

संध्याकाळ: सरावाची जागा

त्याच संध्याकाळी मंडळाचा सराव होता, भिकाजीच्या ओसरीवर. काका नेहमीपेक्षा उशिरा आले, बगलेत घुमट. सगळे आपापल्या जागी बसलेले. काकांची जागा मधे, रिकामी. ते तिकडं गेलेच नाहीत. सगळ्या रांगेला वळसा घालून भिकाजीच्या पलीकडं, अगदी उजव्या टोकाला, भिंतीशी जाऊन बसले. आता सगळं मंडळ त्यांच्या डाव्या हाताला. भिकाजी डाव्या कानाशी.

भिकाजीनं काड्या खाली ठेवल्या. "हय खय बसतंस? तुझी जागा थय मा."

"थंय वारें लागता," काका म्हणाले.

पोरांपैकी एकानं बोलायला तोंड उघडलं, मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मिटलं.  भिकाजीनं आपलं बसकूर काकांच्या बाजूला किंचित वळवलं आणि आरती सुरू झाली.

मी दाराशी उभी होते. मला काकांचा चेहरा दिसत होता. पहिल्या कडव्यात ते कान देऊन होते, दुसऱ्यात डोळे मिटले, तिसऱ्यात बोटं मोकळी झाली. लय चढली. घुमटाच्या मागच्या तोंडावरचा तळवा उघडझाप करत होता, इतका वेगात की दिसेना. मग शामेळानं खूण दिली.

सगळे थांबले. काकाही.

बाहेरचं कोंबडं बोललेलं ऐकू आलं. सगळ्यांनाच आता पुढचे दोन ठोके येणार याची सवय झाली होती, त्यामुळे जरा चुकल्यासारखंच वाटलं. मग झांजवाला म्हणाला, "परत घेऊया," आणि दुसऱ्यांदाही काका ठोक्यावर थांबले. घुमट दुसऱ्याला द्यायचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतरही निघालेला नाही.

चहाच्या वेळी भिकाजी काकांच्या शेजारीच बसून होता. काड्या हातात फिरवत म्हणाला, "बाबलोशेठ, एक सांगतंय. तू वर्सभर म्हणतंस, आवाज नाय, आवाज नाय. माका वाटला, माझोच हात गेलो. ह्यो बघ, काठयो जाडयो केलंय. गेल्या चवथीक हाताक फोड इले, इतक्या जोरात मारलंय."

त्यानं तळवा दाखवला. फोड केव्हाच गेले होते, पण बोटांच्या बुडाशी कातडं राठ झालं होतं.

काकांनी तो तळवा बघितला. चहाचा कप खाली ठेवला. माफी मागणं हे त्यांच्या तीन शब्दांत बसत नाही, आणि चौथा शब्द त्यांच्याकडं नाही.

"फाल्यां बारीक काड्यो हाड," ते म्हणाले. "इतलें जोरान कशाक? हांव हांगा लागींच आसां." म्हणजे इतकं जोरात कशाला, ते इथं जवळच तर आहेत.

भिकाजीनं कप उचलून फुंकर मारली. "चुकान चौदा स्पीकर घेतलं असतंस तर माका मंडळातना काढलं असतंस मा?"

"तुका डिकींत घाल्लो आसतो," काका म्हणाले.

घरी

आज चवथ आहे आणि मी हे दुपारी अंगणात बसून लिहितेय. तुम्हाला निकाल हवा असेल. बाजारात गेलात तर झांजांसाठी काळी, घुमटासाठी पांढरी, सोबतीसाठी उल्हासकाकांची लाल, आणि डिचोलीच्या टॅक्सीत गुडघे ठणठणीत असतील तर बसा. आवाज ड्रायव्हरसाठी, सगळ्यांसाठी, मागच्यांसाठी अशी जी बटणं आहेत, ती सगळी एकेकदा दाबा, आणि प्रत्येक वेळी सीट बदला. मी त्या दिवशी सीट बदलून बसले असते, तर कदाचित पाकळी पडायच्या आधीच काही सुचलं असतं. पण मी मागच्या सीटवर ओढणी चावत होते.

कानाचं काय, असं विचाराल. काका अजूनही डॉक्टरकडं गेलेले नाहीत. काल म्हणाले, चवथ झाली की बघू. हे ते याआधी कधी म्हणाले नव्हते, म्हणून लिहून ठेवतेय. त्यांनी वाचलं तर मुकरतील.

कौल अजून उजवाच आहे. संकेतचा दर दोन दिवसांनी फोन येतो, सर, काळीचं काय ठरलं. काका फोन मुद्दाम उजव्या कानाला लावतात, "आयकूंक येना" म्हणतात आणि ठेवून देतात. खोटं तर बोलत नाहीत.

यंदा मोबाईल माटोळीला बांधायचा नाही, असा हुकूम आहे. काकांच्या पाठीमागं, खिडकीच्या गजाला, तोंड देवाकडं. म्हणजे काका ऐकतात तसं रेकॉर्ड होईल. दोरा लालच हवा, असंही सांगितलंय. आतून शामेळावर एक काडी टेकल्याचा आवाज आला, बारीक काडीचा. तुम्ही आता खाली लिहायला लागाल, दोन स्पीकर पुरे होतात वगैरे. लिहा. मला दोरा शोधायचाय, मी आत चालले.